चौदा महिने पाण्यातले देव

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची तपेली आहे, आणि माझ्या पोटात चौदा महिने देव राहून गेले आहेत. हे ऐकून तुम्हाला वाटेल, केवढी ही भाग्यवान! तसे मुळीच समजू नका. ही गोष्ट मला अभिमानाने सांगता येत नाही. सांगावी की नाही, याचाच मी बरेच दिवस विचार करत होते. पण सध्या मला दुसरे काम नाही आणि तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. एका सपाट पत्र्याला ठोकून ठोकून गोल पोट आणि अरुंद गळा द्यायचा, हे काम सोपे नाही. माझ्या अंगावरचे ठोके अजून दिसतात. मला घडवणारा कारागीर अबोल होता, पण काम संपल्यावर त्याने मला दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवून पाहिले होते. त्या वेळी मी फार फुशारले होते, हे कबूल करते. १९८४ साली लीलाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नासाठी घेतले आणि माझ्या काठाखाली तिचे नाव कोरून घेतले.

लग्नानंतर मी लोखंडी ट्रंकेत बसून पंजाब मेलने झाशीला आले. लीलाबाईंचे यजमान शशिकांतराव तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्याच ट्रंकेत, रेशमी खणात गुंडाळलेले, पितळेचे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णाही होते. आपल्याकडे मुलगी सासरी जाताना माहेरची माणसे हे दोन देव तिच्याबरोबर देतात. म्हणजे त्यांची आणि माझी ओळख तशी पहिल्या दिवसापासूनची. ते देव्हाऱ्यात गेले आणि मी चुलीवर.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. रोजचे वरण माझ्यात शिजे. गणपतीत रेल्वेतली मराठी मंडळी जमली की मसालेभातही माझ्यातच होई. शेजारच्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "भाभीजी, आपकी बटलोई की दाल में कुछ और ही बात है." बटलोई म्हणे! मला ते नाव अजिबात आवडायचे नाही, पण स्तुती कोणत्याही भाषेत गोडच लागते. मुकुल जन्मला तेव्हा तीन महिने मला स्वयंपाकातून सुट्टी मिळाली. त्याच्या अंघोळीचे पाणी माझ्यात तापू लागले. लीलाबाई कोपर बुडवून पाणी पाहायच्या आणि मगच बाळाला पायांवर घ्यायच्या.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते. ती गेली की आंबट पदार्थ कळकतात. झाशीत आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा तो हळूहळू येईनासा झाला, आणि घरात कुकर आला. मग एक दिवस मला पुसून माळ्यावर ठेवले. माझ्या शेजारी कूलरच्या जुन्या जाळ्या आणि मुकुलची बॅट होती. तिथे मी बारा-तेरा वर्षे काढली. मला वाईट वाटले का? वाटले. खाली काय चालले आहे ते आवाजावरून कळायचे, एवढाच विरंगुळा होता. मुकुलला रेल्वेत नोकरी लागली ते मी ऐकले. त्याचे लग्न झाले तेही ऐकले. सून शलाका झाशीचीच, दोनशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातली. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असायची आणि लीलाबाई तिला हसून दुरुस्त करायच्या.

मग घरातले हसणे बंद झाले. मुकुलला रक्ताचा आजार झाला होता. तो अवघा चौतीस वर्षांचा होता. त्याला ग्वाल्हेरच्या दवाखान्यात ठेवले. शलाका तिथे राहायची, शशिकांतराव जाऊन-येऊन असायचे. चैत्रातल्या एका सकाळी लीलाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला माळ्यावरून खाली काढले. चिंच आणि मीठ लावून त्यांनी मला इतके घासले की माझी मलाच ओळख पटेना.

शशिकांतराव दारात उभे होते. "अगं, ही कशाला काढलीस?"

"देव पाण्यात ठेवते आहे," लीलाबाई म्हणाल्या. "ताम्हण उथळ आहे. बाळकृष्णाचा मुकुट पाण्याच्या वर राहतो."

तुमच्यापैकी काहींना ही रीत ठाऊक नसेल. घरावर मोठे संकट आले की काही जण देव्हाऱ्यातले देव पाण्यात बुडवून ठेवतात. संकट टळले की ते बाहेर काढायचे. देवाला अडचणीत टाकले म्हणजे तो आपली अडचण सोडवील, असा त्यामागचा हट्ट. लहान मूल आईचा पदर ओढते, त्यातलाच प्रकार.

लीलाबाईंनी मला देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवले. गळ्यापर्यंत पाणी भरले. आधी अन्नपूर्णा आणि मग बाळकृष्ण आत सोडले. मग हात जोडून त्या स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "माझा मुकुल स्वतःच्या पायांनी चालत या दारातून आत येईल, त्याच दिवशी तुम्हाला बाहेर काढीन. तोवर राहा पाण्यात."

मला काय वाटले ते खरे सांगू? मला आनंद झाला. तेरा वर्षे माळ्यावर पडलेली मी, आणि आज माझ्या पोटात साक्षात देव! घरात मुलगा आजारी आहे हे ठाऊक असूनही मी मनातून फुगले. आज त्याची लाज वाटते.

संध्याकाळी शलाका कपडे न्यायला घरी आली. देव पाण्यात पाहून तिचा चेहराच उतरला. "आई, असं नका ना करू. भगवानजी को कोई सज़ा थोड़ी देते हैं."

"शिक्षा नाही गं," लीलाबाई म्हणाल्या. "जीव गुदमरतो म्हणजे काय होतं, ते त्यांनाही कळू दे."

त्या उन्हाळ्यात झाशी भाजून निघत होती. वीज गेली की कूलर बंद पडायचा आणि माझ्यातले पाणी बघता बघता बोटभर खाली जायचे. लीलाबाई दिवसातून दोनदा पाणी बदलत. रोज एक श्लोक म्हणत, रोज मुकुलच्या तब्येतीची बातमी देवाला सांगत. "आज दोन घास खाल्ले त्याने." "आज ताप उतरला नाही." "डॉक्टर नीट काही बोलत नाहीत." मी कान देऊन वाट पाहायचे, की आता तरी देव काही बोलतील. माझ्याइतके त्यांच्याजवळ कोणीच नव्हते. पण ते बोलले नाहीत. बाळकृष्णाच्या हातात लोण्याचा गोळा होता आणि चेहऱ्यावर तेच हसू. लीलाबाई रडत असतानाही ते हसू तसेच असायचे. मला त्या हसण्याची चीड येऊ लागली.

पावसाळा गेला. मुकुल थोडा सुधारला, पुन्हा खालावला, पुन्हा सुधारला. प्रत्येक वेळी घराला थोडी आशा वाटायची आणि मग ती आधीपेक्षा जास्त खचायची. शशिकांतराव बोलेनासे झाले. लीलाबाईंनी मात्र एक दिवसही पाणी चुकवले नाही. थंडी पडल्यावर तर मी एक मजेशीर गोष्ट पाहिली. त्या रोज पाणी कोमट करून माझ्यात ओतू लागल्या! ज्यांना अद्दल घडवायला पाण्यात ठेवले होते, ते गारठतील म्हणून या बाईला काळजी. पाणी ओतण्याआधी त्या कोपर बुडवून पाहायच्या.

दिवाळीला मुकुलला चार दिवस घरी आणले. दोन माणसांनी त्याला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून आत आणली. तो इतका वाळला होता की ज्याला मी तीन महिने न्हाऊ घातले तोच हा, हे मला पटेना. त्याची खाट देव्हाऱ्याच्या खोलीतच टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे पाहत राहिला.

"आई, काढ ना त्यांना. थंडी आहे."

"तू चालत दारातून आलास की काढीन," लीलाबाई म्हणाल्या.

"मी आलोय ना घरी."

"उचलून आणलंय तुला. ते नाही चालायचं. मी शब्द दिला आहे."

मुकुल हसला. "मग मला लवकर चालायला हवं. त्यांच्यासाठी तरी."

शलाका चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आई, ये इतना कह रहे हैं, तो निकाल दीजिए ना." पण लीलाबाईंनी ऐकले नाही. देवाशी केलेली अट आपण आधी सोडली तर देवही सोडील, अशी त्यांना भीती होती. चार दिवसांनी मुकुलला पुन्हा उचलून गाडीत ठेवले. त्यानंतर तो या घरी जिवंत आला नाही. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर आठव्या दिवशी, दुपारी, ग्वाल्हेरलाच तो गेला.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला जड जाते. घराला सुतक आले. सुतकात देवाला हात लावत नाहीत. त्यामुळे तेरा दिवस माझ्याकडे कोणी फिरकले नाही. माणसे आली, रडली, जेवली, गेली. माझ्यातले पाणी तसेच राहिले. त्यावर धूळ बसली. सुतक संपले तरी लीलाबाई आल्या नाहीत. देव्हाऱ्यात दिवा लागला नाही. होळीपर्यंत पाणी आटून गेले आणि माझ्या आत पांढऱ्या रेघा उमटल्या. देव कोरड्या तपेलीत पडून राहिले. अन्नपूर्णेच्या पदराच्या चुण्यांत हिरवा गंज चढला.

अडचण काय होती ते तुमच्या लक्षात आले असेल. मुकुल चालत दारातून आला की देव काढायचे होते. मुकुल आता कधीच येणार नव्हता. मग देवही कधीच निघणार नव्हते. एवढेच असते तरी एक वेळ ठीक. पण लीलाबाईंच्या मनात याहून वाईट काहीतरी घर करून बसले होते. त्या जेवत नव्हत्या. ताटावर बसायच्या आणि उठायच्या. एकदा त्यांनी ते शशिकांतरावांना बोलून दाखवले.

"मी त्यांना कोंडलं म्हणून त्यांनी माझा मुलगा नेला. तो काढ म्हणत होता. तेव्हा काढले असते तर..."

"देव असता तर ना!" शशिकांतराव एकदम ओरडले. चाळीस वर्षांत मी त्यांचा एवढा चढा आवाज ऐकला नव्हता. "उद्या ओरछ्याला जातो आणि बेतवा नदीत सोडून येतो दोघांना. पाण्याची सवय झालीच आहे त्यांना."

"हात लावायचा नाही," लीलाबाई म्हणाल्या.

ते थांबले. बेतवेला कोणी गेले नाही, आणि देवांना कोणी उचललेही नाही.

शेवटी शशिकांतरावांनीच रामकृष्ण गुरुजींना बोलावले. गुरुजी शलाकाच्या माहेरचे उपाध्ये, सत्तरीचे. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, त्यांनी आत डोकावून पाहिले. मग म्हणाले, "वहिनी, देव पाण्यात ठेवावे असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. त्यामुळे कधी काढावे तेही लिहिलेलं नाही. तुम्ही ठेवलेत, तुम्हीच काढा."

"आणि त्यांनी सूड घेतला असेल तर?"

"देव असा सूड घेत नाही." गुरुजींनी उपरणे सावरले. "पण माझ्या सांगण्याने ते तुम्हाला पटायचं नाही. मलाही माझी बायको गेली तेव्हा कोणाचं काही पटलं नव्हतं."

ते चहा न घेताच गेले. लीलाबाई देव्हाऱ्याच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. मला वाटले, आता या घरातून देव गेला तो गेलाच. मलाही त्याच्याकडून काही आशा उरली नव्हती. वर्षभर त्याला पोटात ठेवून मला त्याचा एक शब्द ऐकू आला नव्हता. मग त्या माउलीने तरी कशाच्या आधारावर वाट पाहावी?

वैशाख सरताना एका सकाळी माझ्यात पाणी पडले. मी दचकलेच. वर पाहिले तर शलाका. तिची लांबलेली रजा संपली होती, ती कचेरीत जायला निघाली होती, खांद्यावर पर्स तशीच होती. या मुलीने लग्नानंतर कधी पूजा केलेली मी ऐकली नव्हती. मुकुल तिला 'नास्तिक' म्हणून चिडवायचा. तिने माझे तोंड पुसले, देव हलक्या हाताने सरळ केले आणि मुकुट बुडेपर्यंत पाणी ओतले. श्लोक नाही, मागणे नाही. दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही. अशी ती तीन आठवडे येत राहिली, आणि हे घरात कोणाला कळले नाही.

मग एका रविवारी लीलाबाईंनी तिला पाहिले.

"हे काय करतेस?"

शलाका तांब्या हातात धरून उभी राहिली. "पानी सूख गया था, आई."

"आता कशाला पाणी? कोणासाठी?"

"निकालने का हक मेरा नहीं है. तुम्ही ठेवलेत. पण असं कोरडं कसं सोडू?" तिने तांब्या पाटावर ठेवला. "यांना तरी कोणी बघायला नको का? मुकुल दवाखान्यात रोज मला विचारायचे, आई ने पानी बदला क्या. शेवटच्या दिवशी पण विचारलं."

लीलाबाई मटकन खाली बसल्या. सुनेला जवळ ओढून त्या रडल्या. मुकुल गेल्यापासून त्या दोघी एकमेकींसमोर रडल्याच नव्हत्या. एकीला वाटे, दुसरीचे दुःख मोठे. मी सगळे पाहत होते आणि माझ्यातले पाणी त्यांच्या हुंदक्यांनी हलत होते.

बऱ्याच वेळाने लीलाबाईंनी डोळे पुसले. माझ्यावर वाकून त्यांनी हात पाण्यात घातला. आधी त्यांनी अन्नपूर्णा काढली, मग बाळकृष्ण.

"मुकुल आला नाही," त्या देवाला म्हणाल्या. "माझी अट तुम्ही पाळली नाहीत. आता मीही पाळत नाही. का नेलंत ते मला कळलेलं नाही, आणि कळेल असं वाटतही नाही. माझा राग गेलेला नाही. पण रागवायला तरी मला दुसरं कोण आहे?"

त्या पदराने देव पुसू लागल्या. गंज निघेना. शशिकांतराव बाहेरच्या खोलीतून पाहत होते. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिजवलेली चिंच वाटीत घेऊन आले.

"याशिवाय तो हिरवा डाग जायचा नाही," एवढेच म्हणाले. हात मात्र त्यांनी जोडले नाहीत. वाटी ठेवून ते भिंतीला टेकून उभे राहिले.

देव स्वच्छ झाले, तरी चुण्यांतला थोडा हिरवटपणा राहिलाच. लीलाबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले, निरांजन लावले आणि सवयीने डोळे मिटले. चौतीस वर्षे त्यांची रोजची पूजा एकाच वाक्याने संपत आली होती. ते वाक्य तोंडाला इतके सरावलेले, की त्यांना कळायच्या आत बाहेर पडले.

"माझ्या मुकुलला सुखरूप ठेव."

शलाकाने तोंडावर हात ठेवला. शशिकांतरावांनी मान फिरवली. लीलाबाईंचे डोळे उघडले, त्यांनी बाळकृष्णाकडे पाहिले. मला वाटले, आता त्या देव्हारा उधळून देतील. पण त्यांनी हात जोडलेलेच ठेवले आणि हळूच पुढचे शब्द जोडले.

"जिथे असेल तिथे."

मित्रांनो, मी आता देव्हाऱ्याच्या खाली रिकामी असते. त्या घरात कोणताही चमत्कार झालेला नाही. लीलाबाई अजून अर्धीच पोळी खातात. शशिकांतराव अजून हात जोडत नाहीत. रोज दिवा मात्र लागतो, आणि रोज तेच वाक्य म्हटले जाते. ते कोणी ऐकते का, हे मला विचारू नका, मी पितळेची आहे. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या ओळखीत असे घर असेल, तर तिथे जा. देवाने असे का केले, ते समजावून सांगायला जाऊ नका. त्यांच्या भांड्यातले पाणी आटले आहे का तेवढे पाहा, आणि आटले असेल तर कोणाला न सांगता भरून या.